लंबूने मेमरी घातली

प्रिय सूनबाई,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. भांडायला नाही, तेव्हा वाच तरी.

काल लंबू येऊन गेला, माझ्या लेकाच्या ऑफिसातला मित्र. नकाशांच्या फायली न्यायच्या होत्या. लेक गेला त्या संध्याकाळपासून त्याचं मशीन चालूच होतं, मी कोणाला हात लावू दिला नाही. जुनं धूड ते. मेमरी कमी पडते म्हणून किती कटकट करायचा, आणि बंद केलं की उघडायला जीव खातं म्हणून बटणावर चिकटपट्टी लावलेली, तुला ठाऊकच आहे. पडद्यावर तुमच्या नव्या घराचा नकाशा तसाच उघडा होता, त्याने शेवटचा हात फिरवलेला. रोज सकाळी मी पडदा पुसायचे आणि बघत बसायचे. म्हातारीला दुसरा उद्योग नाही म्हणशील, तर नाहीच.

लंबूने पुष्कळ खटपट केली. नकाशा सेव्ह होईना, बाण जागचा हलेना. मेमरी पार भरली म्हणाला. मग वाढव की, मीच म्हटलं. बिचाऱ्याने दुकानं पालथी घालून या जुन्या मशीनला चालणाऱ्या मेमरीच्या पट्ट्या आणल्या. नव्या त्याला बसत नाहीत म्हणे. मला वाटलं, सुटलो, आता नकाशा सेव्ह होणार. चालत्या गिरणीत वरून दाणे ओतावेत, तसं काहीतरी माझ्या डोक्यात. त्याने पेचकस खाली ठेवला. मग म्हणाला, "काकू, बंद केल्याशिवाय मेमरी बसत नाही. आणि बंद केलं की सेव्ह न केलेलं सगळं जाईल."

मी बटणावर हात आडवा धरला. लंबू समजावत राहिला, मशीन तापतंय, पंखा घरघरतोय, आज ना उद्या आपणहून बंद पडेल, मग कामाच्या फायलीही जातील. खरंच होतं ते. शेवटी चिकटपट्टी काढून मीच बटण दाबलं. पंखा थांबला आणि खोली अशी शांत झाली की तो पुन्हा गेल्यासारखं वाटलं. रडले ग खूप. एवढा ताडमाड लंबू, तोही रडला. आधी पडद्याचा फोटो काढून ठेवायचं दोघांनाही सुचलं नाही. सुचलं तेव्हा कपाळावर हात मारून घेतला.

मशीन आता झटकन उघडतं. नकाशाही उघडला, पण आधी कधीतरी सेव्ह केलेला. मला बरं वाटावं म्हणून लंबू म्हणाला, बघा काकू, तुमची खोली सगळ्यात मोठी, उजेडाची. तोच नकाशा तो तुलाही पाठवणार आहे. तो बघून तुला काय वाटेल, ते मला कळतं. त्या खोलीवरूनच तुम्ही भांडलात, तू माहेरी गेलीस, आणि आलीस ती त्याला शेवटचं बघायला. त्याने आपलं ऐकलंच नाही, असंच तू धरून बसली असशील.

म्हणून सांगते. जो नकाशा गेला, त्यात माझी खोली नव्हती. मधली भिंत काढून तिथे त्याने तुझा शिकवणीचा वर्ग केला होता, मुलांची बाकंसुद्धा आखली होती. रोज सकाळी मी तेच बघायचे, आणि रोज मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू. तू गेल्यावर त्याने तुझं ऐकलं होतं, पोरी. लंबूचं सगळं लक्ष बाणाकडे, ते नीट बघितलेली आता मी एकटीच आहे, आणि माझ्या शब्दापलीकडे माझ्याकडे काही नाही.

तुझीच,
अजूनही सासू