चालू राहिलेला माईक

प्रिय काजल,

तुझा फोन तुझ्या बापानं फोडला, म्हणून कागदावर लिहून राहिली. तुझ्या शेजारची रितिका हे आलेखाच्या कागदांत घालून आणून देईल. वाच अन् चुलीत टाक वं पोरी.

त्या दिवशी मी ऑनलाइन वर्गात समाकलन शिकवून राहिली होती. उत्तर सांगायले तू माईक चालू केला अन् तुझ्या घरात ताट भिंतीवर आपटलं. भाजीत मीठ कमी, एवढ्यासाठी! तुझी आई ओरडली. तू ‘आईले सोडा बाबा’ म्हणत राहिली, अन् मग बत्त्याचे दणके. आई गं, ते दणके! सारा वर्ग ऐकत होता, रितिका तर रडत सुटली. कोणाचा माईक चालू राहिला की मी लगेच बंद करते, तुले माहीत आहे. बोट बटणावर होतं, पण मी दाबलं नाही. दाबलं असतं तर आम्ही पुढचं गणित घेतलं असतं, जसा तुझा सुजलेला गाल दाढदुखीचा म्हणून मी मागे मानून घेतला होता.

मी पोलिसांले फोन केला. ते आले, तर तुझ्या आईनं, मैनाबाईनं, दारातच सांगितलं, भांडं पडलं. झाकली मूठ सव्वा लाखाची!

मग मीच खाप्याले तुमच्या घरी आली. तू आतल्या खोलीत होती, हात गळ्यात बांधलेला. मैनाबाई डोळ्यावर पदर ओढून चहा घेऊन आली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाटलं, हा उकळता चहा तुझ्या बापाच्या, त्या चंपतरावाच्या तोंडावर फेकावा, त्याच बत्त्यानं त्याची बोटं ठेचावी. देवाशपथ वाटलं. पण हसून बसली. तो म्हणे, ऑनलाइनच बरं, पोरगी नजरेसमोर राहते. अन् काजल, स्टाफरूममध्ये मी याच ऑनलाइनसाठी भांडत आली आहे. गावातल्या पोरीले घरबसल्या गणित मिळते, अडलं तर तोच भाग पुन्हा पाहता येते. त्या दिवशी मात्र मी धडधडीत उलटं बोलली. म्हटलं, फळ्याशिवाय गणित डोक्यात उतरत नाही, अॅसिड हातात घेतल्याशिवाय रसायनशास्त्र येत नाही, प्रॅक्टिकलचे मार्क गेले की डॉक्टरकी गेली. साऱ्या गावात ‘माझी पोरगी डॉक्टर होणार’ म्हणून मिरवणारा माणूस तो. लगेच विरघळला मेला, तुले नागपूरच्या वर्गात पाठवायले हो म्हणाला.

सोमवारी नागपूरच्या वर्गात पालकसभा आहे, आमच्याकडे आयांलेच बोलावतात, असंही मी त्याले सांगून आली. सभा-बिभा काही नाही वं. तू आईले घेऊन सकाळच्या गाडीत बस. पिशवीत प्रॅक्टिकलच्या एप्रनखाली दोघींचे कपडे घाल. स्टँडवर मी उभी राहीन. नागपुरात महाल भागात माझ्या घरी माझी वकील मैत्रीण लतिका तुमची वाट पाहत राहील. परत जायचं नाही. आई काहून जायचं म्हणेल, लोक काय म्हणतील म्हणेल. तिले सांग, मॅडमनं माईक बंद केला नव्हता, साऱ्यांनी ऐकलं. आता भांडं पडलं म्हणायची गरज नाही.

वाट पाहणारी तुझीच,
मिनल मॅडम