बाबांची चहादाणी

मायसाताई,

बाबांना घेऊन गुरगानच्या बसने इस्पितळात जातोय. तुला उठवलं नाही. तू रडली असतीस आणि तुझी समजूत काढता काढता त्यांनी बस चुकवली असती.

काल ऑपरेशनच्या कागदावर सही झाली एकदाची. कॅन्सर झालेली अन्ननलिका काढायचे दोन मार्ग: छाती उघडून, नाहीतर पाच भोकं पाडून, कॅमेऱ्याने. काढायचं दोन्हीकडे तेवढंच, पण भोकांनी फुप्फुसांना त्रास कमी, आणि बाबांची फुप्फुसं तुला ठाऊक आहेत. तरी मेंढ्या कापण्यात चाळीस वर्षं गेलेला माणूस तो. म्हणाले, "डॉक्टर, भोकातून कोणी मेंढी साफ करतं का? कुठून उघडायचं ते मी दाखवतो." आणि सदरा वर करून दाखवलंसुद्धा. डॉक्टर म्हणाले, "काका, जागा अगदी बरोबर. पण मेंढीला नंतर खोकायचं नसतं." बाबांनी सदरा खाली केला आणि भोकांवर सही केली.

खाली आणखी एक ओळ होती: भोकांतून जमलं नाही तर छाती उघडू. तिच्यावरही सही आहे. आईला फक्त भोकांचं सांग.

फार दमलोय. मेंढ्यांचा चारा राहिलाय, तेवढा घाल.

अन्ननलिका पोळणारा उकळता चहा बाबांनी पिऊ नये म्हणून त्यांची चहादाणी मी महिनाभर पिठाच्या डब्यात लपवली होती. आज निघताना त्यांनी सरळ डब्यात हात घातला, ती काढली, धुतली आणि आपल्या जागेवर ठेवली. ती हलवू नकोस. परत आले की तिच्यातून कोमट चहा देऊ. शिव्या देतील. देऊ देत.

बेगेंच