लॅबपुढे लिहिलेलं ‘बाकी’

सामरवरणी, सिल्वासा
रविवार

प्रिय प्रथमेश,

तू पारोळ्याला घरी परत गेलास आणि तिथल्या शाळांचे कॉम्प्युटर सांभाळतोस, हे स्टोअरच्या अमोलकडून कळलं. पत्ताही त्यानंच दिला. सरांनी फोन सोडून कागदावर का लिहिलं, असं तुला वाटेल. फोन दोनदा हातात घेतला होता. तुझा आवाज ऐकला की मी तब्येतपाणी विचारणार, पावसाचं बोलणार आणि ठेवून देणार, हे मला माहीत आहे. इतकी वर्षं मी तेच करत आलोय.

इकडे सगळं चालू आहे. राखोलीच्या पुलावर ट्रकांची रांग असते, कंपनीच्या बसला रोज उशीर होतो. तुझ्या खुर्चीवर अजून कोणी आलेलं नाही. प्रिंटरपासून सर्व्हरपर्यंत सगळं मी एकटाच बघतो. संध्याकाळी घरी आलो की अनुराधा चहा ठेवते. पायातले बूट काढायलाही मला वेळ लागतो हल्ली. त्रेपन्न म्हणजे काही म्हातारपण नव्हे, पण थकवा वयाचा नाही, हे तिलाही कळलं असावं.

मागच्या वर्षीचं ते काम तुला आठवत असेल. एकशे बासष्ट कॉम्प्युटर. तोवर प्रत्येक मशीन फक्त आपल्यापुढे बसणाऱ्या माणसाला ओळखायचं. ते बदलून सगळ्यांची नावं आणि पासवर्ड सर्व्हरवर आणायचे, डोमेनवर. आणि ते करताना कोणाचं काही हरवू द्यायचं नाही. कारण नव्या नावानं लॉगिन केलं की डेस्कटॉप कोरा येतो, आणि माणसं घाबरतात. अकाउंट्सच्या पूजाचे तर डोळे भरून आले होते. तू तिच्याशेजारी स्टूल ओढून बसलास आणि म्हणालास, “ताई, तुमचं सामान जुन्या खोलीत तसंच आहे. मी उचलून आणतो, तुम्ही फक्त बसा.” अर्ध्या तासात तिचे गणपतीचे फोटोसुद्धा जागच्या जागी होते. मी दारात उभा राहून बघत होतो. माणसांशी असं बोलणं मला कधी जमलं नाही.

तीन आठवडे आपण ते करत होतो. तू आमलीच्या खोलीवरून सकाळी सातला यायचास आणि दिवसभर विभागाविभागांतून फिरायचास. जुनं प्रोफाइल नव्या खात्याला जोडायचं, माणसाला बसवून दाखवायचं, मग माझ्या निळ्या वहीत लिहायचं: झालं, किंवा बाकी. ‘झालं’ असेल तिथलं जुनं खातं पुसायचं काम माझं. वही मीच सुरू केली होती, कारण सर्व्हरवर आपण दोघंही ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ याच एका नावानं शिरायचो. कोणी काय केलं हे ज्याच्या त्याच्या नावावर दिसावं म्हणून एवढा खटाटोप, आणि आपल्यालाच वेगळी नावं घ्यायला फुरसत झाली नव्हती.

कलर लॅबमध्ये एकाच मशीनवर दोन खाती होती, हे तुला सांगायला नको. एक लॅब सांभाळणाऱ्या रजनी मॅडमच्या नावाचं, दुसरं नुसतं ‘लॅब’. मॅडमचं तू शनिवारी हलवलंस. ‘लॅब’मध्ये अकरा वर्षांच्या शेडच्या रेसिपी होत्या. कोणत्या धाग्याला कोणता रंग, किती टक्के, किती तापमानाला, सगळं. फाइल मोठी, वेळ लागणार, म्हणून तू ते सोमवारवर ठेवलंस.

रविवारी दुपारी मी एकटा कंपनीत गेलो होतो. एसी बंद, सगळे मजले रिकामे. माझ्या टेबलावरूनच एकेक मशीन उघडून जुनी खाती पुसत होतो. सत्तर-एक झाली असतील. ती दोन्ही नावं वहीत एकाखाली एक होती. मी वरची ओळ वाचली आणि दोन्ही पुसली. चहा प्यायलो, पुढची पुसली, घरी आलो. काही झालंय हे मला माहीतही नव्हतं.

सोमवारी सकाळी रेसिपी दिसत नाहीत म्हणून मॅडमचा फोन आला आणि मी वही उघडली. ‘लॅब’पुढे तुझ्या अक्षरात लिहिलं होतं: बाकी. खाली एक रेघ मारलेली. प्रथमेश, त्याच क्षणी मी सांगायला हवं होतं. मी वही ड्रॉवरमध्ये ठेवली आणि कुलूप लावलं. कशासाठी, ते तेव्हा ठरवलंही नव्हतं. लपवताना माणूस फार विचार करत नाही.

दुसरी कॉपी कुठेच नव्हती, म्हणून पुसलेलं परत मिळवायला डिस्क सुरतेला पाठवली. फाइलींची तुटकी नावं परत आली, आत काही नाही. प्लँट हेड देसाईसाहेबांनी आपल्या दोघांना उभं केलं आणि एवढंच विचारलं, “कोण जवाबदार छे?” मी म्हणालो, लॅबचं काम प्रथमेशकडे होतं. ते खोटं नव्हतं, हेच मी स्वतःला आठ महिने सांगत आलो. बाहेर आल्यावर तू मला विचारलंस, “सर, मी वहीत बाकी लिहिलं होतं ना?” मी म्हणालो, “आठवत नाही, बघतो.” तू म्हणालास, “मग नसेल लिहिलं.” तुझा स्वतःवरचा विश्वास उडताना मी समोर उभा राहून पाहिला. तू कंत्राटी, आठवड्यात तुझा गेटपास काढून घेतला. जाताना तू मॅडमची माफी मागायला लॅबमध्ये गेलास, हे मला नंतर कळलं.

मॅडम तेव्हापासून रेसिपी पुन्हा बांधताहेत. जुनी सॅम्पल कार्डं काढायची, अंदाजानं रंग करायचा, वाळवायचा, जुळवून बघायचा. डाइंग खात्यातला झिपरू खानवेलहून येतो, त्याला लिहिता येत नाही, पण कार्ड उजेडात धरून तो सांगतो, “मॅडम, यात पिवला जास्त हाय.” आणि तो बरोबर असतो. निम्म्या शेडसुद्धा अजून झालेल्या नाहीत. मी लॅबवरून जातो तेव्हा दोघं खिडकीशी उभी असतात आणि मी पाय उचलतो.

मुलीचं शेवटचं वर्ष, या वयात मला कोण ठेवणार, अशी कारणं माझ्याकडे होती. खरी होती. पण तुलाही घर होतंच.

परवा शुक्रवारी मी वही घेऊन देसाईसाहेबांकडे गेलो. सगळं लेखी दिलं, सही केली. ते पान पाहून ते म्हणाले, “आठ महिना पछी, नंदकुमारभाई?” आठ महिन्यांनंतर, एवढंच. माझं काय करायचं ते पुढच्या आठवड्यात ठरेल. तुझ्यावरचा ठपका काढल्याचं पत्र द्यायला मात्र ते तयार झाले. ते कंपनीकडून येईल. माझ्या जबाबाची आणि वहीतल्या पानाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. कुठे दाखवायची असेल तर दाखव.

तिथून मी लॅबमध्ये गेलो. मॅडम हातमोजे काढत होत्या. उभ्या उभ्याच सांगितलं. मला वाटलं होतं, त्या चिडतील, मग निदान काहीतरी संपेल. त्या चिडल्या नाहीत. स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, “त्यानं माझी माफी मागितली, आणि मी त्याला बरंच बोलले होते.” मग हातमोज्यांची घडी करत विचारलं, “त्याला सांगितलंत?” मी म्हणालो, नाही. “मग मला कशाला आधी सांगताय?” “त्याला म्हणावं, मला फोन कर,” एवढं बोलून त्या पुन्हा कामाला लागल्या. काल दिवसभर मी लिहायला बसू शकलो नाही, आज बसलो. तू लिहिलं होतंस, प्रथमेश. तुला नीट आठवत होतं. मला उत्तर नाही दिलंस तरी चालेल, पण मॅडमना एक फोन कर. त्या वाट बघताहेत.

तुझाच,
नंदकुमार