परकी वगार

सेलू, गुरुवार, २ मे १९८५

"पान्हा फुटल्याबिगर माया येत नाई वो, तुले काय समजन!" धाकटी जाऊ मंगल बाळंतपणात अंथरुणाला खिळली आणि तिची तान्ही सुमी मी मांडीवर घेतली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या. सुमी माझ्याजवळच वाढली. परवा तिची हळद. ते वाक्य आज पुन्हा रुतलं.

सकाळी ढोरांचे डॉक्टर आले होते. आमच्या म्हशीचं पारडू मेल्यापासून ती दूध चोरते. शेजारचं मादी पारडू, ती पोरकी वगार, जवळ नेली की लाथ मारते. डॉक्टरांनी सुई दिली, दूध उतरलं.

"आता हिला वगारीची माया लागेल?" मी विचारलं.

ते हसले. "बाई, सुई दुधापुरती. पण हेच द्रव्य मेंदूतही असतं, त्यानं माया लागते म्हणतात. न व्यालेल्या उंदरिणीच्या मेंदूत ते सोडलं, तर तीही परकी पिल्लं जवळ ओढते."

न व्यालेली! मग माझ्या मेंदूत काय होतं इतकी वर्षं? सुमीला गोवर आला तेव्हा रात्र रात्र मांडीवर घेऊन बसले, ते काय होतं?

दुपारी मंगल सांगत होती, "हयद लावाले पाच लेकुरवाळ्याच पायजेत, बाई. तुमी सैपाकाचं पाहा."

संध्याकाळी गोठ्यात गेले. म्हैस वगारीला चाटत होती. तिला कोणी विचारलं नाही, ही तुझ्या पोटची का.

उद्या मंगलला म्हणणार आहे. नाहीच म्हणेल, तरी. मंगल, पाचजणींचं झाल्यावर सुमीच्या गालाला मला एक बोट हळद लावू दे.