खंडेनवमीला उघडलेली मशीन

अप्पा, काल खंडेनवमीला मी आपल्या डाळमिलची मोठी मशीन उघडायला लावली. तुम्ही असता तर घर डोक्यावर घेतलं असतं, ठाऊक आहे मला. आज दसरा. लोक सोनं देऊन गेले, मी मिलच्या ऑफिसात एकटीच बसलेय. खूप थकलेय हो. कालच्या एका दिवसानं नाही, इतक्या वर्षांनी.

गेल्या महिन्यापासून आतला डाळ भरडायचा रोल आवाज करायला लागला होता. पट्ट्याकडचं बेअरिंग इतकं तापायचं की हात लावता येईना. आमची पद्धत तीच, तुमचीच: ग्रीस भरा, पत्र्याची पट्टी सारा, वेल्डिंगचा टाका मारा आणि करा चालू. रोज मरे त्याला कोण रडे! शेवटी सोलापूरहून फिटर बोलावला. तो म्हणाला, "बेअरिंग बदलून देतो, एवढा हंगाम निघंल, फुडचं मला इचारू नका. न्हायतर सगळी खोला, महिनाभर बंद ठेवा. रोलच्या दांड्याला, शाफ्टला, तडा असला तर मशीन भंगारात; नसला तर रोल नवा करून घ्या, मग तुमच्या जन्माला पुरंल." त्या बिचाऱ्याला काय माहीत, तो माझ्या जन्माचंच बोलत होता. माझे यजमान गेल्यापासून लेक मागं लागलीय, "आई, आता पुरे कर, मशीन भंगारात घाल आणि पुण्याला ये." नुसतं बेअरिंग बदललं तर एक हंगाम काढून मी मोकळी. सगळी खोलून नवी केली तर मी इथंच, उमरग्यात, या धुराळ्यात, शेवटपर्यंत.

लहानपणीची एक खंडेनवमी आठवते. मशीन धुऊनपुसून उभी आहे, गळ्यात झेंडूचा हार. पाने, पकडी, हातोडे पाटावर ओळीनं मांडलेत, त्यांना हळदीकुंकू लावलंय. माझी आई, अव्वा, नैवेद्याचं ताट घेऊन दारात. मी आपली सहज म्हणाले, "अप्पा, आज बंदच हाय, तर आत काय झिजलंय बघा की." रागावलात की तुम्ही कानडीत शिरायचा. "साकु!" म्हणून ओरडलात, म्हणजे पुरे. "आज तिचा सण हाय, आज तिला पाना लावतीस?" सगळ्या बायकांसमोर. मी रडत पोत्यांमागं जाऊन बसले. आणि बाकीच्या दिवसांत उघडायचं म्हटलं की, चालत्या गाडीला खीळ घालू नये! हरभरा संपला की मूग-उडीद, ते संपले की तूर. चालू असते म्हणून उघडायची नाही आणि बंद असते तेव्हा देव असते म्हणून उघडायची नाही. मग तिला उघडायचा दिवस होता तरी कुठला? तेव्हा माझी छाती झाली नाही, आज विचारते. हे कसलं शहाणपण हो, अप्पा? छातीचं दुखणंही असंच रेटलंत. डॉक्टर ऑपरेशनचं म्हणाले तर तुम्ही म्हणालात, हरभरा निघू द्या. हरभरा निघाला, आणि तुम्हीही निघून गेलात. चार दिवस बघते म्हणून मी किल्ली घेतली, ती अजून माझ्याच कमरेला आहे. मला याचा राग येतो. तुमची आठवण येते तेव्हा तो जास्त येतो.

काल पूजा झाली, प्रसाद वाटला. मिस्त्रीचाचा अजून येतात, तुमच्याच वेळचे, आता मोतीबिंदू झालाय तरी येतात. हत्यारं पाटावर मांडतात तीसुद्धा तेच. मी म्हणाले, "चाचा, उघडा आता."

"आज?" ते एक पाऊल मागंच सरले. "न्हाय बेटी. आज औजाराला हात लावत न्हाईत. अप्पांचा हुकूम हाय."

"अप्पा जाऊन किती वर्षं झाली, चाचा?"

"म्हणून काय हुकूम गेला व्हय?"

"मग तुम्हीच दिवस सांगा. उद्यापासून दिवाळीची डाळ. मग तूर. सांगा, कधी उघडू?"

 चाचांनी पाटावरचा पाना उचलला, कपाळाला लावला, त्याचं कुंकू पुसलं नाही. "वर अप्पा भेटले तर तुझं नाव सांगीन," म्हणाले. मला हसू आलं, म्हटलं खुशाल सांगा.

झाकण निघालं तशी इतक्या वर्षांची साचलेली चुनी, डाळीची भुकटी, बदाबदा खाली पडली. मग तुम्ही सारलेल्या पट्ट्या निघाल्या, एकावर एक. एक तर गोडेतेलाच्या डब्याची होती, तिच्यावरचं फूल अजून दिसत होतं. बेअरिंगचा भुगा झालेला. चाचांनी शाफ्टवर रॉकेलचं फडकं फिरवलं आणि दिसत नाही म्हणून नखानं इंच इंच चाचपत गेले. डाळ निवडणाऱ्या बायकासुद्धा भोवती गोळा होऊन उभ्या. त्यांची हजेरी, रोजची मजुरी, मिलवरच आहे. आणि चाचा एकदम ओरडले, "तडा न्हाय! लई खणखणीत हाय, बेटी, सोनं हाय सोनं!" मी तिथंच पोत्यावर बसले आणि रडायला लागले. कुणी पाणी आणलं, कुणी पाठीवर हात फिरवला. "आनंदानं रडाय लागल्यात बाई," म्हणत बायकाही डोळे पुसायला लागल्या.

"मग काय करू?" चाचांनी विचारलं. "बेअरिंग बसवून झाकू, का पुरी करू?"

अजूनही माझ्या हातात होतं. पण चांगल्या शाफ्टची मशीन भंगारात घालायला तोंड कुठून आणू? "पुरी करा," म्हणाले. महिनाभर बायकांना अर्धी हजेरी द्यायचं कबूल केलं. रात्री लेकीला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला.

हे पत्र मी कुठं टाकणार, टपालपेटीला तुमचा पत्ता ठाऊक नाही. घडी घालून ठेवून देईन. सगळ्यांना वाटतंय मला आनंद झाला, आणि चाचांनी तसं विचारलं तेव्हा मी व्हय म्हणूनही सांगितलं. तुम्हाला तेवढं खरं सांगते. चाचा त्या शाफ्टवर नख फिरवत होते ना, तेव्हा मी डोळे मिटून देवाला म्हणत होते, तडा निघू दे.