किरणची दोन वर्षे

मी, शिवदास किसन खिल्लारे, वय ६८, मरोळच्या कारखान्यातून निवृत्त टर्नर, राहणार दिंडोशी, गोरेगाव (पूर्व), हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. रक्तदाबाची गोळी सोडली तर मला काही झालेले नाही आणि डोके जागेवर आहे. मला कोणी शिकवले नाही, धमकावले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. दिंडोशीची खोली माझ्या स्वकष्टाची आहे. ती मुलगा किरण आणि मुलगी सपना यांना निम्मी निम्मी. विकायची की ठेवायची ते दोघांनी ठरवावे. जावयांनी मत देऊ नये, ते एरवी पुष्कळ देतात.

२. बँकेतली ठेव सपनाला. तिच्या शिक्षणाच्या वर्षी सगळे पैसे किरणच्या फुटबॉलच्या बुटांत आणि तिकिटांत गेले. तिने तोंडातून शब्द काढला नाही.

३. माझे मायक्रोमीटर आणि व्हर्निअर सपनाच्या मुलीला, निधीला. केसाएवढा फरक पकडणारा माणूस म्हणून कारखान्यात माझे नाव होते. पुढचे कलम वाचताना हे ध्यानात ठेवावे.

४. लसीचे पिवळे कार्ड किरणला. त्यावर त्याची खरी जन्मतारीख आहे, ९ फेब्रुवारी १९९७. पासपोर्टवर १९९९ आहे, ते मी केले.

गावी जन्मल्यामुळे त्याची नोंद झालेली नव्हती. तो पंधराचा असताना त्याचे फुटबॉलचे प्रशिक्षक अंबादास सरवदे म्हणाले, "दोन वर्षं कमी लाव रे, सगळेच लावतात. पोरगं उठून दिसेल." मी खोटे प्रतिज्ञापत्र केले. पोरगा तसाही उठून दिसत होता, हे मला कळायला हवे होते.

तो पोर्तुगालला गेला. दुसऱ्या मोसमात तिथल्या एका मोठ्या क्लबने त्याला मागितले आणि त्यांच्या डॉक्टरने लहानपणीच्या लसींची माहिती मागवली. मी पाळीवर होतो आणि तारखेचे मी घरात सांगितलेले नव्हते. माझी पत्नी जया हिने इतकी वर्षे साडीच्या घडीत जपलेले कार्ड काढले आणि आनंदाने फोटो पाठवला. करार गेला, दोन वर्षांची बंदी आली. किरणने तिथे लिहून दिले, "हे मीच केले, घरच्यांना माहीत नव्हते."

तो परत आल्यावर वसाहतीत लोक विचारू लागले. मी म्हणालो, "बिघडला यार तिकडे जाऊन. डोक्यात हवा गेली." किरण दारात चपला काढत होता. त्याने ऐकले आणि आत जाऊन जेवायला बसला. बंदी संपली तोवर त्याने बूट देऊन टाकले होते. आता तो मालाडच्या एका टर्फवर बुकिंग घेतो, गोलांच्या जाळ्या बांधतो. स्वतः खेळत नाही.

जया २०२१ मध्ये गेली, शेवटपर्यंत "माझ्यामुळे पोराची वाट लागली" असे म्हणत. "तुझ्यामुळे नाही गं" एवढे मला एकदाही म्हणता आले नाही. विहारात दर रविवारी खोटे न बोलण्याचे शील मात्र सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात म्हणत आलो. दोघांचाही गुन्हेगार मी आहे.

हे कलम माझ्या जलदान विधीला, सगळी वसाहत जमली असताना, अंबादास सरवदे यांनी मोठ्याने वाचावे.

५. दुरुस्ती. साक्षीदार म्हणून सही करण्यापूर्वी अंबादासने कलम ४ दोनदा वाचले. स्वतःचे नाव काढ म्हणाला नाही. म्हणाला, "मेल्यावर कशाला रे? तेव्हा तुला कसली लाज? पोराचं तोंड बघायला तू असशील का?"

म्हणून कलम ४ मधील 'माझ्या जलदान विधीला' आणि 'अंबादास सरवदे यांनी' हे शब्द मी खोडले आहेत. त्याजागी 'येत्या रविवारी विहारात' आणि 'मी स्वतः, किरण यायला तयार असेल तर त्याच्या शेजारी उभा राहून' असे वाचावे. खाडाखोडीवर तिघांच्याही सह्या आहेत.

लिहून ठेवणार: शिवदास किसन खिल्लारे (सही)

साक्षीदार:
अंबादास सरवदे, कलम ४ मधला तोच (सही)
डॉ. राधा इंगोले, खिल्लारे शुद्धीवर असल्याचा त्यांचा दाखला सोबत (सही)

ठिकाण: दिंडोशी
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६. किरणला आज एकोणतीस पूर्ण झाली.