दराची पाटी आणि माझी शिडी

ती. आईस,

इथूनच पाया पडतो. मी बरा आहे, वेळेवर जेवतो. पायाचं काही विशेष नाही.

पंपावर शिडीवर चढून दराच्या पाटीवरचे आकडे बदलायचं काम माझंच. परवा टीव्हीवर मंत्री म्हणाले, पेट्रोलवरचा कर तीन महिने थांबवू. मी शहाणा! लगेच चढलो आणि कमी दर लावून मोकळा झालो. तोवर विरोधक उठले, कर थांबवला तर दवाखाने कशावर चालवणार? झालं, निर्णय लटकला. मालक खेकसले, "उतरव ते आकडे!" पुन्हा चढलो, तर रांगेतले लोक शिडी हलवून मलाच शिव्या द्यायला लागले. जसा काही कर मीच लावतो!

डोकं फिरतं ते यानं, की मंत्री आणि विरोधक, दोघांचंही खरं आहे. तुझ्या गोळ्या सरकारी दवाखान्यातल्या, आणि तिथवरची रिक्षा पेट्रोलवरची.

गुडघे कसे आहेत? तू लिहितेस, रिक्षानेच जाते. मावशी लिहिते, चालत जातेस. सरकारचं ठरेल तेव्हा ठरो. आधी तू खरं लिही, मग मीही शिडीवरून पडल्याचं खरं लिहीन.

लंगडत का होईना, उभा असलेला
तुझा थोरला